तीन टाकाऊ वस्तू आणणे

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, तुम्ही आयुष्यभर मुलांना हस्तकला शिकवली. चिंध्यांच्या बाहुल्या, काडेपेट्यांची कपाटं, करवंटीची कासवं. घरातल्या साध्या वस्तूंतून काय काय व्हायचं! वाचकांना ते दिवस परत आणून द्या. जरा हळवं लिहा."

मी म्हटलं, हळवं मला येत नाही, खळ करता येते, ती कशी करायची ते लिहू का? ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मग त्यांनी शब्दमर्यादा सांगितली आणि फोन ठेवला.

आता लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या हस्तकलेपायी एका मुलीची शाळा सुटली, आणि ती माझ्यामुळे सुटली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. या लेखात सांगायचं ठरवलंय. पण त्याआधी जरा इतरांना नावं ठेवते, म्हणजे हात मोकळा होईल. नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरलेला नाही, हे माझ्याबरोबर नोकरी केलेलं कुणीही सांगेल.

सुरुवात औरंगाबादेत, गारखेड्यातल्या एका हॉलपासून करते. मागच्या उन्हाळ्यात तिथं 'आठवणीतली हस्तकला' नावाची कार्यशाळा होती आणि शेजारच्या सूनबाईंनी मला प्रमुख पाहुणी म्हणून ओढत नेलं. मला वाटलं, मुलं असतील. मुलं एकही नव्हती. चाळिशी-पन्नाशीतले तीसेक स्त्री-पुरुष सतरंजीवर मांडी घालून बसायची खटपट करत होते. प्रत्येकापुढं एक छान छापलेला खोका. खोक्यात एकसारख्या मापाच्या चिंध्या होत्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या बांगड्यांच्या काचा होत्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ज्वारीच्या ताटाची तीन कांडकी होती आणि रिकाम्या काडेपेट्या होत्या. मी एक काडेपेटी उचलून बघितली. तिच्या कडेला काडी ओढल्याची एक रेघ नव्हती.

"यातल्या काड्या कुठं गेल्या?" मी शिकवणाऱ्या तरुणाला विचारलं.

"काड्या नव्हत्याच, मॅडम," तो म्हणाला. "रिकाम्याच बनवून घेतो आपण. टाकाऊतून टिकाऊ."

म्हणजे कारखान्यातून टाकाऊ माल नवाकोरा तयार होऊन येतो, ही माहिती मला पंचाहत्तरी उलटल्यावर मिळाली. तो तरुण पुढं म्हणाला, "डोळे मिटा. बालपण फील करा." सगळ्यांनी डोळे मिटले. एका गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हातात काडेपेटी, गालावर पाणी, आणि समोर त्यांची पत्नी मोबाइलवर त्यांचं चित्रीकरण करतेय. मग मला बोलायला सांगितलं. मी उठले आणि म्हणाले, "ज्वारीच्या ताटाची साल बोटात जाते, जपून." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात त्यांना काहीतरी खोल अर्थ दिसला असावा.

या मंडळींना कुणीतरी सांगायला पाहिजे की आम्ही ज्वारीच्या भेंडाची बैलगाडी केली ती निसर्गावरच्या प्रेमानं नाही. दुसरी गाडी मिळणार नव्हती म्हणून केली. आणि तीसुद्धा चोरून. ताटाची साल काढली की आतून पांढरं मऊ भेंड निघतं, त्याची चाकं करायची, सालीच्या काड्यांनी जोडायची. पण ते ताट म्हणजे जनावरांचा कडबा. पेंढीतून चार ताटं ओढली की चुलते पाठीत धपाटा घालत. आमच्या प्रत्येक खेळण्यामागं एक धपाटा आहे. तो मात्र त्या खोक्यात घालायला विसरले.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होते. वडील निजामाच्या कचेरीत कारकून, सगळं शिक्षण उर्दूत. राज्य बदललं, हळूहळू कचेरीचा कागद मराठीत झाला आणि माझ्या वडिलांनी बाळबोध अक्षर पाटीवर गिरवलं, माझ्याआधी दोनच वर्षं. त्यांच्या जुन्या उर्दू वह्यांचा एक गठ्ठा माळ्यावर होता. मी सहा-सात वर्षांची असताना आईनं तो उतरवला, घंगाळात भिजत घातला, वाटलेली मेथी घालून लगदा केला आणि पालथ्या पातेल्यावर थापून त्याच्या टोपल्या केल्या. वडील दारात उभे राहून बघत होते. "अगं, माझं अख्खं शिकणं आहे त्यात," ते म्हणाले. आई म्हणाली, "आता पीठ राहील." पुढं कितीतरी वर्षं आमच्या घरचं ज्वारीचं पीठ त्या टोपलीत होतं.

हे सांगते ते एवढ्यासाठी की आमच्या घरात 'टाकाऊ' हा शब्दच नव्हता. लुगडं विरलं की विरलेला भाग काढून, उरलेलं जोडून त्याला दंड घालायचा. दंडही विरला की त्याची वाकळ. वाकळ फाटली की बाळंतिणीच्या बाजेवर, तिथून पोतेऱ्याला, आणि पोतेरं झिजून दोरा झालं की ते चुलीत, विस्तव धरायला. माझी बाहुली झाली ती लुगडं आणि वाकळ यांच्या मधल्या मुक्कामावर मारलेल्या डल्ल्यातून. आईनं ती चार दिवसांत ओळखली, उसवली आणि तुकडा वाकळीला लावला. मला हे सगळं माहीत होतं. दुसऱ्या कुणाला माहीत नसेल, पण मला माहीत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, मला त्याचा उपयोग माफीसाठी करायचा नाही, उलट्या कामासाठी करायचा आहे.

मग मी शिक्षिका झाले आणि शहाणी झाले. हस्तकलेच्या प्रशिक्षणात आम्हाला तो शब्द शिकवला. टाकाऊ. पुढं तीसेक वर्षं मी दर आठवड्याला तो फळ्यावर लिहिला: 'सोमवारी येताना तीन टाकाऊ वस्तू आणणे.'

बाहेरच्यांना आमचा धंदा ठाऊक नसतो म्हणून सांगते. हा विषय आठवड्यातून दोन तास, बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतरचे, मुलं पेंगत असताना. गणिताच्या गुरुजींचा भाग मागं राहिला की ते पहिल्यांदा माझा तास उचलत. विचारत नसत, वर्गाच्या दारातून नुसता हात दाखवत. गुण नसत, श्रेणी असे. अ, ब, क, ड. मुख्याध्यापक सांगत, सगळ्यांना ब द्या, कटकट नको. साहेब तपासणीला आले की मात्र माझा भाव वधारायचा. कमानीला कागदी फुलं, टेबलावर करवंटीचं कासव, खिडकीत लोकरीचा पोपट. एकच पोपट मी अकरा तपासण्यांना दाखवला. दर साहेबानं त्याला हात लावून "वा, मुलांनी केलंय का?" असं विचारलं आणि दर वेळी मी "हो" म्हटलं.

खेड्यातल्या शाळेत डिंक परवडत नसे. कणकेची खळ करायची, पाणी उकळून त्यात पीठ सोडायचं आणि घोटायचं. पहिल्याच वर्षी लक्षात आलं की चिकटवायला घेतलेली खळ पुरत नाही. मुलं बोटानं चाटून खात होती. मी तिच्यात कडुनिंबाचा पाला वाटून घालायला लागले. खळ पुरायला लागली आणि आपण किती हुशार, असं मला वाटलं. हळवं लिहा म्हणणाऱ्या संपादकांनी हा परिच्छेद गाळला तर माझी हरकत नाही.

पुढं मी शहरातल्या एका खासगी शाळेत आले आणि गिऱ्हाईक बदललं. इथं मुलं काही करतच नव्हती, आईबाप करत होते. एका मुलानं आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी आणली. शंभरेक काड्या, एकीवर डाग नाही. मी विचारलं, "एवढं आइस्क्रीम कुणी खाल्लं रे?" तो घाबरला. "कुणीच नाही, मॅडम. नवीन आहेत. पप्पांनी औरंगपुऱ्यातून आणल्या." मी स्वतः त्या दुकानात जाऊन बघितलं. दुकानदार खुशीत होता. म्हणाला, "मॅडम, क्राफ्ट का सब माल है. वापरलेला कायको चाहिए? झोपडी रेडी भी मिलेगी, रंग लावलेली." दुसऱ्या एका मुलीच्या वडिलांनी थंड पेयाच्या चार बाटल्या विकत आणल्या, मोरीत ओतल्या आणि त्या रिकाम्या बाटल्यांचं पाणी वाचवण्याविषयीचं मॉडेल केलं. त्याला मी ड दिला. ते दोन दिवस माझ्याशी भांडले. आपण आर्किटेक्ट आहोत आणि आजवर आपल्याला कुणी ड दिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि एक बाई आल्या, गॉगल डोक्यावर. म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे टाकाऊ असं काही निघतच नाही हो. सगळं नवीनच असतं." मी हसले आणि त्यांना आठ दिवसांची मुदत दिली.

हेच वाक्य मी त्याआधी पंधरा-वीस वर्षं एकदा ऐकलं होतं. तेव्हा मी हसले नव्हते.

ते गाव पाचोडपासून पायी तासाभरावर. नाव लिहीत नाही. तिथल्या शाळेत पाचवीला कौसा नावाची मुलगी होती. मेंढ्या राखणाऱ्या घरातली. गावाबाहेर पडीक रानात त्यांचा काट्यांचं कुंपण घातलेला मेंढवाडा होता. तिच्या आधी त्या घरातलं कुणीही शाळेत गेलेलं नव्हतं, आणि तिला घातलं त्याला कारण होतं. जनावरांच्या डॉक्टरनं औषधाच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या की त्या वाचायला वडिलांना गावात कुणाच्या तरी पाया पडावं लागे. घरात एक वाचणारं माणूस पाहिजे, म्हणून कौसा. हे त्यांनी नाव घालायला आले तेव्हा मला सांगितलं होतं. मुलगी शांत, अक्षर टपोरं. धडा वाचताना एकेका शब्दावर बोट ठेवून पुढं सरकायची, शब्द पळून जाईल अशा धास्तीनं.

पहिल्या सोमवारी सगळ्यांनी काही ना काही आणलं. फुटके कंदील, चपलेचे तळ, दोऱ्याच्या रिकाम्या रिळा. कौसा हात मागं बांधून उभी.

"काय आणलंस?"

"कायबी नाय, बाई."

"का?"

"आमच्यात टाकत नाय कायबी."

वर्ग हसला. मला ते उलट उत्तर वाटलं. मी तिला ओसरीत उभं केलं. दुसऱ्या सोमवारी तेच, तिसऱ्या सोमवारी तेच. ती भांडत नव्हती, रडत नव्हती, तास सुरू झाला की आपणहून ओसरीत जाऊन उभी राहायची. त्याचाच मला जास्त राग येत होता. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "पुढच्या सोमवारी रिकाम्या हातानं यायचं असेल तर शाळेतच येऊ नकोस."

चौथ्या सोमवारी ती परकराच्या ओच्यात काहीतरी घेऊन आली. जाड काचेची बाटली, तोंडाला लाल रबराचं बोंड. लहान मुलाला दूध पाजायचं असतं तसं, पण मोठं.

"टाकाऊच आहे ना?" मी विचारलं.

तिनं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "व्हय, बाई."

मी बाटली नाकाशी नेली. आत दुधाचा वास येत होता. आंबलेला नाही, ताजा. त्याच क्षणी मला कळलं की ही वस्तू कुणीतरी आज सकाळी वापरलेली आहे. लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता पाठ असलेली मी, मला कळलं नाही असं मी कुणापुढंही म्हणू शकत नाही. पण बाटली फार सुबक होती आणि तालुक्याचं प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं होतं.

प्रदर्शनाचं मला का एवढं पडलं होतं तेही सांगते. नवरा शहरात, मी खेड्यात, चार वर्षं असं चाललं होतं. हेडमास्तर म्हणाले होते, "जिल्ह्याला नंबर आणा, बाई. साहेबांच्या डोळ्यांत भराल, बदली होईल." मला औरंगाबादला घरी जायचं होतं. एवढंच. त्यासाठी मला एक चांगली फुलदाणी हवी होती.

नियम असा की वस्तू विद्यार्थ्यानं स्वतः केलेली असावी. मी ती स्वतः केली. शाळा सुटल्यावर कौसाला समोर बसवलं आणि बाटलीला काळा तैलरंग दिला. त्यावर ज्वारीचे दाणे आणि मसुरीची डाळ एकेक करून चिकटवली. वरती एक फूल पाहिजे होतं. लाल रबर त्याला अगदी झकास होतं. माहेरून आणलेली माझी भरतकामाची कात्री होती, पक्ष्याच्या चोचीसारख्या टोकाची. तिनं मी त्या बोंडाच्या सात पाकळ्या कापल्या. कात्री पहिल्यांदा रबरात गेली तेव्हा कौसा "बाई" एवढंच म्हणाली.

"मध्ये बोलू नको, हात हलतो," मी म्हणाले.

तालुक्याला पहिला नंबर आला. फुलदाणीला चिठ्ठी होती: कु. कौसा, इयत्ता पाचवी. पुढच्या आठवड्यात ती जिल्ह्याला जाणार होती, तोवर शाळेच्या कपाटात काचेमागं ठेवली होती. हेडमास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत होते.

अशात एके दिवशी तिचे वडील आले. लाल पटका, हातात काठी. वहाणा फाटकाशीच काढल्या होत्या. ओसरीवर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

"बाई, पोरीनं बाटली आनली जनू शाळंत. तेवढी द्या. कोकराची हाय. त्येची माय मेली, त्याला पाजाय लागती."

आताही मला लाज वाटते ती याची की मला आनंद झाला. आपलं काम दाखवायला माणूस मिळाला म्हणून. मी त्यांना आत बोलावलं, कपाट उघडलं, म्हणाले, "बघा तरी, तुमच्या मुलीचा तालुक्यात पहिला नंबर आलाय!" हेडमास्तर शेजारी येऊन उभे राहिले. वर्गातली मुलं दारात गोळा झाली. कौसा त्यांच्या पुढं होती.

त्यांनी फुलदाणी दोन्ही हातांत घेतली. फिरवून बघितली. डाळीवरून अंगठा फिरवला.

"बोंड कुटंय?"

मग त्यांची नजर त्या फुलावर गेली. एकेक पाकळी त्यांनी बोटानं वाकवून बघितली.

"ह्ये कुनी कापलं?"

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण हेडमास्तर हातभर अंतरावर होते, आणि 'मी कापलं' म्हटलं की वस्तू मुलीनं केलेली नाही हे उघड होणार होतं. नंबर जाणार, जिल्हा जाणार, बदली जाणार. एवढा विचार करायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्या कापलं, आप्पा."

त्यांनी वळून तिच्याकडं बघितलं. तिच्या हातांकडं बघितलं. मग फुलदाणी सावकाश कपाटात जिथं होती तिथं ठेवली, मला रामराम केला आणि तिला म्हणाले, "दप्तर घे. चल."

पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. मी हजेरीत फुली मारत राहिले. मेंढ्या राखणाऱ्यांची मुलं अशी मधेच जातातच, असं हेडमास्तर म्हणाले आणि मी मान डोलावली. ती वाक्यं तयारच असतात, ती वापरून माणूस आरामात पुढं जातो.

जिल्ह्यालाही नंबर आला. साहेबांनी माझं नाव विचारून घेतलं. जाड कागदावर सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं, कौसाच्या नावाचं. ते घरी पोचवून पालकाचा अंगठा आणायचा, असा आदेश होता. म्हणून महिन्या-दीड महिन्यानं हेडमास्तर आणि मी पायी मेंढवाड्यावर गेलो. वाटेत ते मला बदलीच्या अर्जात काय लिहायचं ते समजावून देत होते.

वाड्यावर तिची आई एकटी होती. उभ्या उभ्या टकळीवर लोकर कातत होती. कौसा मेंढरांमागं गेलेली, बापाबरोबर. हेडमास्तर कुत्र्याला भिऊन जरा लांबच बाभळीपाशी थांबले, पण ऐकू येईल इतक्याच लांब.

"कोकरू?" मी विचारलं. तेवढंच सुचलं.

"गेलं," ती म्हणाली. "चिंधी भिजवून पाजली, घेतलं नाय. त्याला बोंडाचीच सवय."

मी प्रमाणपत्र पुढं केलं. तिनं ते उलटंसुलटं बघितलं.

"काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. टाकाऊ वस्तूपासून टिकाऊ वस्तू, प्रथम क्रमांक.

"टाकाऊ म्हंजी?"

"म्हणजे... जिचा उपयोग संपलाय अशी वस्तू. जी लोक फेकून देतात."

टकळी फिरायची थांबली. "बाटली तर लागत हुती," ती म्हणाली. रागानं नाही, माझी काहीतरी ऐकण्यात चूक झाली असावी अशा सुरात.

शाई लावून तिनं अंगठा दिला. आता निघावं म्हणून मी वळले, तर ती म्हणाली, "बाई, कौसा म्हनती म्याच कापलं. पर आमची कातर हातभर लांब, मेंढरं कातरायची. तिनं असल्या बारीक पाकळ्या व्हत्यात व्हय? तिच्या बापाला तवाच कळलं. आमी लई इचारलं, पर पोरगी तुमचं नाव घीना. बाईची नोकरी जाईल म्हनती."

बाभळीखाली हेडमास्तर कुत्र्याकडं बघत होते.

"मग शाळा का बंद केलीत?" मी कसंबसं विचारलं.

"त्यो म्हनला, पोरगी आजवर खोटं बोलली नव्हती. शाळंनं शिकवलं. बाई यीऊन खरं सांगतील तवा पाठवीन, म्हनला. रोज वाटंकडं बघतोय." तिनं लोकरीचा धागा बोटावर गुंडाळला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघितलं. "त्येच सांगाय आलाव का, बाई?"

मी हेडमास्तरांकडं बघितलं. ते आता आमच्याकडं बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "प्रमाणपत्र द्यायला आले होते."